बँकेपर्यंतचा रस्ता

शोरूमवाल्यानं गाडी बाहेर नीलमोहराच्या सावलीत आणून उभी केली आणि तो चहा सांगायला गेला. शामसुंदर उंच सीटवर चढून बसला, शेजारी बायको हेमावती. काचा वर केल्या तसा जयनगरचा गलका कुठल्या कुठं विरून गेला. काचेवर अलगद जांभळी फुलं पडत होती आणि गाडी जागची न हलताच तरंगत चालल्यासारखी वाटत होती.

जायचं ते केवढं? बनशंकरीतल्या घरून निघून हेमाला बँकेत सोडायचं, पुढच्याच चौकात त्याचं दुकान. स्कूटर नीट तापायच्या आत रस्ता संपायचा. पण तेवढ्यात हेमा त्याच्या कानाशी किती काय काय बोलायची. भरल्या घरात मात्र सकाळ-संध्याकाळ तिचं 'हो' आणि 'आले', एवढंच.

शामसुंदरच्या डोळ्यांसमोर गाडीतली सकाळ तरळू लागली. पुढं आई, मागं अण्णा आणि वहिनी, त्यांच्या मागं पोरं. कुणाला देवळात, कुणाला शाळेत सोडत गाडी डुलत डुलत निघाली आहे.

"रस्त्याच्या मानानं जरा मोठीच आहे," तो स्वतःशी हसला. "पण घरातले सगळे बसतील बघ. घेऊ या?"

हेमावती काचेवरची फुलं पाहत होती. तिचा हात सवयीनं त्याच्या खांद्यावर आला, रोज स्कूटरवर यायचा तसा.

"सगळे बसतील," ती म्हणाली, "म्हणूनच नको."