तिसरी वायर

"जी वायर काढल्यानं इंजिनला काहीच फरक पडत नाही, दुखणं तिथंच." मोटारखान्यात कधीकाळी शिकवणाऱ्या दौलतरावांचा हा आवाज लक्ष्मीकांतच्या कानात अजून होता. आज तेच दौलतराव चालवत असलेली जुनी सरकारी मोटार अडखळत, थरथरत उभी होती. सरकारी दफ्तर माणसांसकट सहा महिन्यांसाठी ग्वाल्हेरला निघालं होतं आणि याच मोटारीनं जायचे साहेब घड्याळ बघत होते.

लक्ष्मीकांतनं पहिल्या प्लगची वायर काढली. इंजिन आणखीच हादरलं. दुसरीलाही तेच. तिसरी काढली, तरी ते होतं तसंच थरथरत राहिलं. त्यानं तो प्लग खोलला. टोक ठोकून इतकं दाबलेलं, की ठिणगीला जागाच नव्हती. असं आपोआप होत नाही. दौलतराव जमिनीकडे बघत होते.

"काय निघालं?" साहेबांनी विचारलं.

लक्ष्मीकांतनं मूठ मिटली. "प्लग खराब निघाला, साहेब. गलती माझीच, मी आधी बघायला हवा होता."

"मग उद्यापासून कामावर येऊ नकोस."

दौलतरावांनी मान वर केली. "त्याला कशाला, साहेब? प्लग मी ठोकला. माझी बायको गंगू अंथरुणाला खिळलीय. मी ग्वाल्हेरला गेलो, तर तिला पाणी पाजायला घरात दुसरं कोणी नाही."