चेन का उडते

मोरव्याच्या बाळारामने तेजश्रीने आणलेल्या सायकलची चेन बदलली, मागची दातेरी चक्रं बदलली, गिअरची वायर ताणली. तरी सायकल टांगून पेडल फिरवलं की चेन खट्कन उडतच होती.

“ताई, वजन बसल्याबिगर असं होत न्हाय. चालवतं कोन?”

“कोणीच नाही. माझा नवरा उदय वारल्यापासून घरात उभी आहे. पण रोज संध्याकाळी हाच आवाज येतो, म्हणून आणली.”

बाळारामने सायकल खाली उतरवून भिंतीला टेकवली आणि हात काढला. टच्च हवा भरलेलं मागचं टायर हळूहळू दबलं.

“माज्याच्यानं व्हायचं न्हाय.”

“असं नका म्हणू, दादा,” तेजश्री रडकुंडीला आली. “माझी लेक दिशा हॉस्पिटलमध्ये आहे. तापात सारखं म्हणतेय, पप्पा आले, मी मागे बसते.”

टायर आणखी दबलं. थोडंसंच, लहान पोर बसावं तेवढं.