नऊ नंबरचा पट्टा

डबा खाऊन हात धुताना एस्तेर सिस्टरच्या पोटात कुरतडायला लागलं आणि त्यांच्या काळजात धस्स झालं. मनगटावरच्या पट्ट्यातून त्यांना नऊ नंबरच्या हौसामावशींचं दुखणं स्वतःच्या अंगात जाणवायचं. विचारलं तर मावशी नेहमी ‘काही नाही’ म्हणायच्या, म्हणून तर तो बांधला होता. पण असली कळ कधीच आली नव्हती. कॅन्सर पोटातही पसरला की काय?

सिस्टर धावतच वॉर्डात गेल्या. “मावशी, खरं सांगा, पोटात काय होतंय?”

केमो सुरू झाल्यापासून अन्नाकडे न बघणाऱ्या मावशींनी शेजारणीच्या ताटावरची नजर लाजून वळवली. “काही नाही गं बाई. पिठल्याचा वास तेवढा झकास सुटलाय.”

सिस्टर हसत स्टुलावर टेकल्या. भरल्या पोटी त्यांना कडकडून भूक लागली होती.