शेगडीच्या वरची भिंत

“बाळ कुठं झोपतं?”

शेगडीच्या वरच्या टाइल्सना कान लावून उभ्या असलेल्या माणसानं तिसऱ्यांदा विचारलं. पहिल्यांदा सपनानं ऐकलंच नाही असं दाखवलं होतं. दुसऱ्यांदा हसून टाळलं होतं. आता तिचं हसू संपलं.

“तुम्ही मायक्रोवेव्ह लावायला आलायत ना? मग तो लावा.”

कार्डावर त्याचं नाव धोंडिराम होतं. दारातच तिनं ते मागून घेतलं होतं, फोटो काढून नवऱ्याला, अनिरुद्धला, ऑफिसात पाठवला होता. अनिरुद्धनं अजून पाहिला नव्हता. पाहिला असता तरी हसलाच असता. सोसायटीच्या ग्रुपवर परवा मेसेज आला होता, दुरुस्तीच्या नावाखाली घरात शिरणाऱ्यांपासून सावध राहा म्हणून. तेव्हाही तो हसला होता. “तू तर दूधवाल्याचंही आधार कार्ड मागशील गं!”

जुनी चिमणी काढून तिथं मायक्रोवेव्ह बसवायचा, अर्ध्या तासाचं काम, असं दुकानात सांगितलं होतं. पाऊण तास झाला होता. चिमणी तेवढी उतरवली होती, मायक्रोवेव्हचं खोकं अजून उघडलं नव्हतं. हा माणूस नुसता बोटांच्या पेरांनी भिंत वाजवत होता. इथं ठक. तिथं ठक. मग कान लावून ऐकायचं. भिंतीत ऐकायला असतं काय? भिंतीपलीकडे बेडरूम होती. तिथं चार महिन्यांचा अनय झोपला होता.

“घरात आणि कोण असतं?” धोंडिरामनं विचारलं.

“नवरा आहे. आत झोपलाय. नाईट शिफ्ट असते त्याची.” खोटं बोलताना तिचा आवाज जरा मोठाच झाला.

त्याचा चेहरा पडला. तिनं ते बरोबर टिपलं.

“म्हंजे दोघंबी आतच,” तो पुटपुटला. “ताई, आतली खोली एकदा बघू द्या.”

“काही गरज नाही.”

“दोन मिनटं फक्त.”

“नाही म्हटलं ना!”

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. तो ड्राय बाल्कनीत गेला, वॉशिंग मशीनच्या आड उभा राहिला आणि आवाज खाली आणला. सपना फ्रिजला चिकटून ऐकू लागली.

“होय साहेब, आलोय... नाय, पार्टीला काय बोललो नाय. घाबरंल ती... बाप आत झोपलाय म्हणती. त्याचंबी बघतो. पण आधी मूल उचलायला लागंल.”

सपना बेडरूमकडे धावली. पाळण्यातून तिनं अनयला दुपट्यासकट उचललं. तो दचकून रडायला लागला. अनवाणीच ती दाराबाहेर पडली आणि समोरच्या फ्लॅटच्या बेलवर बोट दाबून धरलं.

दार उघडलं ते सोनूबाईंनी. त्या बांगडे साफ करत होत्या, सुरी हातातच होती.

“काय गो झाला?”

“तो माणूस! अनयला उचलायचं म्हणतोय. मी ऐकलं माझ्या कानांनी.”

मागून धोंडिराम दारात आला. सोनूबाईंनी सुरी पुढे केली. “पोराक हात लावशीत तर बघ! हयच कापून टाकीन.”

तो जागेवर थांबला. त्यानं सुरीकडे पाहिलं नाही. तो अनयकडे बघत होता.

“आलं बाहेर,” तो म्हणाला. “आणि साहेब? त्यांनाबी उठवा की.”

“कोण साहेब?” सोनूबाई म्हणाल्या. “अनिरुद्ध तर सकाळीच कामाक गेलो!”

सपनानं मान खाली घातली. धोंडिरामनं मोठा श्वास सोडला. “मग कोणच नाय आत. बरं झालं. दोघीबी हितंच थांबा. बाळाला घेऊन आत येऊ नका.”

तो वळून आत गेला. दार त्यानं सताड उघडं ठेवलं होतं. “वॉचमनला फोन लावते,” सपना म्हणाली, पण फोन ओट्यावर राहिला होता. ड्रिल सुरू झालं. थांबलं. पुन्हा सुरू झालं, आणि त्याच्या घरघरीतच बेडरूममध्ये काहीतरी धप्पकन पडलं.

ड्रिल बंद झालं.

अनयला सोनूबाईंकडे देऊन सपना आत गेली. बेडरूमच्या भिंतीवर, पाळण्याच्या बरोब्बर वर, आतल्या विटा उघड्या पडल्या होत्या. ताटाएवढा प्लॅस्टरचा तुकडा पाळण्यात पडला होता. मोहरीची उशी त्याखाली फाटली होती आणि चादरभर मोहरी सांडली होती.

धोंडिराम दारात आला. आत यायच्या आधी त्यानं परवानगी मागितली. तिनं मान हलवली. तो पाळण्याशी गुडघ्यावर बसला आणि प्लॅस्टरचे बारके तुकडे एक एक करून तळहातावर घेऊ लागला.

“नव्या बिल्डिंगी,” तो म्हणाला. “चार इंची भिंत. अलीकडं भोक पाडलं की पलीकडचं सुटतं.”

“मग सरळ सांगायचं ना!” तिचा आवाज चिरकला. “मी तुम्हाला काय काय समजले...”

“पार्टीला घाबरवू नको म्हणतात दुकानातले साहेब. नुसतं विचारायलाबी नको म्हणतात. उगाच टाइम जातो.”

“तरी तीन-तीनदा विचारलंत?”

त्यानं तळहात मिटला.

“मुलुंडला नव्हतं विचारलं, ताई.”