थोरल्याची मिशी

वलगावचे खुशालराव मंगळवारी सकाळी अकरा वाजता वारले. शुक्रवारी त्यांनी पेज मागितली, तेव्हापासून मंगळवारचा विषय घरात कोणी काढत नाही.

झाले होते एवढेच की रक्तदाब भलताच चढून त्यांच्या मेंदूला सूज आली होती. झटके आले, शुद्ध गेली. कवटीला भोक पाडून आतला दाब मोकळा करायचे अमरावतीच्या डॉक्टरांनी ठरवले आणि आधी डोके भादरायला न्हावी बोलावला.

थोरला रामराव अकोल्याला कचेरीत कारकून. तार मिळताच निघालेला तो नेमका तेव्हाच दवाखान्यात पोचला. न्हावी वस्तरा पुसत वॉर्डातून बाहेर येत होता. पायरीवर सुंदराआत्या बसली होती.

"न्हावी कावून आला, आत्या?"

"न्हावी कायले येते, रामा?" म्हणत आत्याने गळा काढला.

आत जाऊन विचारायला दहा पावले होती. रामरावाच्याने तेवढी टाकवली नाहीत. तो तिथेच कडुनिंबाखाली न्हाव्यापुढे बसला. बापाच्या नावाने डोके झाले, मिशी झाली. कोण गेले, हे न्हाव्यानेही विचारले नाही.

अडीच तासांनी नर्स सांगत आली, ऑपरेशन नीट झाले. तोवर रामरावाने तिरडीचे बांबू निवडून ठेवले होते.

पुढचे तीन दिवस डोक्याला टोपी होती. मिशीला काही नव्हते.

शुक्रवारी खुशालरावांनी डोळे उघडले. पट्टीखालून थोरल्याकडे बराच वेळ पाहिले.

"तुये केस कावून काढले?"

रामरावाने टोपी आणखी खाली ओढली. "तपासाले. डाक्टर म्हने, मलेई दाब हाय."

"मिशीई?"

"मिशीई."

"माई तं ठेवली." म्हाताऱ्याने स्वतःची मिशी चाचपली. मग पेजेची वाटी हळूच मुलाकडे सरकवली. "अळणी हाय. अर्धी तू घे. मीठ सोड, बाप्पा. मायावानी करू नोको."

रामरावाने अर्धी पेज खाल्ली. मग व्हरांड्यात जाऊन खिशातला कागद काढला आणि कचेरीच्या अक्षरात लिहिले:

"मेहेरबान सर्जनसाहेब यांचे सेवेशी. अर्जदार हा आपला रुग्ण नसून केवळ रुग्णाचा मुलगा आहे. तरी सदरचा आजार अर्जदारासही गेल्या मंगळवारपासून असल्याचा दाखला वडिलांस दाखविण्यापुरता मिळावा, ही नम्र विनंती."