तिसरी पायरी

या, अशा जवळ सरकून बसा. आज एका रागाची गोष्ट ऐकायची आहे. राग वाईट, असं आपण उठताबसता म्हणतो. पण देवाने दिलेली कुठलीच वस्तू वाया जात नाही, त्याचीच ही कथा.

कॉलेजच्या तळमजल्यावरच्या खोलीत भाऊ-बहीण बसली होती. परदेशातून आलेल्यांना इंग्रजीच्या कुठल्या वर्गात, म्हणजे कुठल्या पायरीला घालायचं, ते या खोलीत ठरे. ठरवणाऱ्या परीक्षकांना माघारी सगळे चाळणसाहेब म्हणत. चाळणीने तिसऱ्या पायरीला टाकलं तर पुढे नर्सिंगला प्रवेश. त्याखाली अडकलं तर नाही. बहीण आपल्या देशात नर्स होती. इथे इस्पितळात फरशी पुसत होती. वयाच्या अटीमुळे हे तिचं शेवटचं वर्ष. आज हुकलं की कायमचं हुकलं.

भाऊ दुभाषी म्हणून आला होता. या देशात आल्यापासून तिच्या वतीने तोच बोलायचा, घरमालकाशी, बँकेत, दवाखान्यात. ती तोंड मिटून मागे उभी.

"पहिली पायरी," चाळणसाहेब म्हणाले. "परीक्षेत चित्र दाखवलं. शिडाच्या नावेत बसलेला माणूस. दोन वाक्यं बोला म्हटलं, तर बाई मख्खासारख्या बघत राहिल्या."

भावाने ते तिला समजावून सांगितलं.

"दादा, यांना सांग, उभ्या जन्मात मी नावेत बसले नाही. त्या माणसाशी माझं काय देणंघेणं?"

भावाने घसा खाकरला. "साहेब, ती जरा घाबरली होती."

बहिणीने झटकन त्याच्याकडे पाहिलं.

"घाबरणाऱ्यांसाठीच पहिली पायरी आहे," साहेब म्हणाले. "अक्षरं, आकडे, रंगांची नावं. इतकी वर्षं इथे राहून ही गत! फरशी पुसायला भाषा लागत नाही, म्हणून निभावलं. नर्सिंग म्हणजे पोरखेळ नव्हे."

भावाने मान खाली घातली. हे बहिणीला कोणत्या तोंडाने सांगावं, त्याला कळेना.

तोवर तिची खुर्ची मागे सरकली होती.

"भाषा लागत नाही? कोण म्हणालं?"

"बसून बोला."

"नाही बसणार. डॉक्टर निघून गेले की म्हातारी माणसं कुणाला विचारतात? मला. मी पुसत असते, आणि ती विचारतात, मी मरणार का?"

"मग तुम्ही काय सांगता?"

"सांगते, आज नाही. आज पाणी प्या."

"हे परीक्षेत का नाही बोललात?"

"तुम्ही विचारलंत? तुम्ही होडी विचारलीत! तुम्हाला विचारता येत नाही, आणि मुकी मी! नाचता येईना, अंगण वाकडं!"

"अंगण? कुठलं अंगण?"

"आमच्याकडे म्हणतात. ज्याला नाचता येत नाही, तो अंगणाला दोष देतो. तसे तुम्ही."

पलीकडच्या टेबलावरची कारकून बाई फिस्सकन हसली. भावाने बहिणीची बाही ओढली. "अगं, पुरे कर. साहेब आहेत ते."

"तू थांब, दादा."

"नियम मी केलेले नाहीत," आता साहेबांचाही आवाज चढला.

"पण पायरी तुम्ही ठरवता ना? माझ्याबरोबर काम करते एक. तिलाही पहिलीत टाकलंत. तिच्याकडून रंगांची नावं म्हणून घेतलीत. ती तिकडे शाळा चालवत होती, शाळा! लाजेने तिने शिकणं सोडलं. माणूस तुमच्या खोलीत येतो तेव्हा मोठा असतो, जातो तेव्हा लहान झालेला असतो. पाप आहे हे!"

"ओरडू नका."

"ओरडणार! इतकी वर्षं गप्प होते, त्याचं काय मिळालं?"

बाहेरच्या रांगेतली माणसं दारातून डोकावू लागली. तिला धाप लागली होती. डोळे भरले होते, पण नजर हलली नव्हती.

"लिहा," ती म्हणाली. "पहिली लिहा. देव बघतोय."

साहेबांनी लिहिलं, शिक्का मारला आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"तिसरी. सोमवारपासून या."

ती कागदाला हात लावेना. "दया करताय?"

"दया नाही, बाई. ऐकलं तेवढंच लिहिलं."

मंडळी, बाई तर तुमच्या लक्षात राहीलच. पण त्या भावाचीही आठवण ठेवा. दुभाषी म्हणून आला होता बिचारा. आणि भांडण पेटल्यापासून विझेपर्यंत त्याला एका शब्दाचंही भाषांतर करावं लागलं नव्हतं.