लाकडी होडी

“साहेब, ते जाकीट काढा,” वल्ही थांबवत मैना मल्लाव म्हणाली.

“मला पोहता येत नाही,” केळुस्कर गुरकावले. पाण्यातलं प्लॅस्टिक खाण्यासाठी त्यांच्या कंपनीनं घडवलेले मासे धरणात निसटले होते. ते सगळे मेले, असा अहवाल लिहायला केळुस्कर आले होते.

तेवढ्यात होडीला खालून धडका बसू लागल्या. केळुस्करांनी घाईघाईनं जाकीट काढलं. मैनानं ते लांब भिरकावलं आणि पाण्यावर पडताच माशांनी त्याच्या चिंध्या केल्या.

“आमच्या मालकांची होडी फायबरची हुती,” ती म्हणाली. “दारू पिऊन बुडाले म्हणून तुम्हीच लिवलंत.”

“आधी काठाला चल, बाई!”

मैनानं वल्ही आत ओढली आणि शिसपेन्सिल पुढे केली. “आधी लिवा.”

त्यांनी अहवालाच्या कागदावर लिहिलं.

“वाचा.”

“मासे जिवंत आहेत.”

“आन् आमचे मालक?”

पुन्हा धडक बसली. केळुस्करांनी दुसरी ओळ लिहिली आणि न सांगताच मोठ्यानं वाचली, “दगडू मल्लाव शुद्धीत होते. त्यांची होडी आमच्या माशांनी खाल्ली.”

मैनानं कागद घडी करून पोलक्यात खोचला आणि मगच वल्ही उचलली.